खडकवस्तीला पाणी आहे का?

३ फेब्रुवारी, इस्लामपूर

जाणार म्हणजे जाणार. आमच्या हवालदारांनी, म्हणजे नवऱ्याने, पलटण सोडली तरी हुद्दा सुटलेला नाही, सकाळपासून तीनदा विचारलं, पायी कशाला, एसटी बंद पडलीय का? एसटी चालू आहे, मी उतरलेय त्यातून. सगळी नोकरी वाहक म्हणून केली. इस्लामपूर-जत गाडीत उभ्याने जन्म गेला आणि रस्त्याकडेचा तो माळ कधी पायाखाली आला नाही. खिडकीतून दिसायचा, डबल बेल दिली की मागे पडायचा. आता निवृत्त होऊन घरात बसलेय आणि भिंतींना तिकिटं द्यायची वेळ आलीय.

मलकापूरला तारिक म्हणून एक मुलगा आहे, तंबू, पाठीवरच्या बॅगा, बूट असलं सामान विकतो. त्याने आणि त्याच्या मित्रांनी खटावपासून जतपर्यंत माळरानातून चालायची एक लांब वाट आखलीय. दगडांवर पिवळे बाण मारलेत आणि नाव ठेवलंय कोरडवाट. पुण्या-बेंगळुरूची पोरं येतात आणि दिवसच्या दिवस चालत राहतात, वाळवंटात आल्यासारखं वाटतं म्हणे. एकेकाची हौस. तारिक मोबाइलवर प्रत्येक टप्प्याची खबर टाकतो: वाट कशी आहे, खुणा दिसतात का, आणि मुख्य म्हणजे पाणी कुठे आहे. त्यासाठी महिन्यातून एकदा कुणाला तरी तो टप्पा स्वतः चालून बघावा लागतो.

शेवटचा टप्पा कुणी घेत नव्हतं. पिंपळखोरी सोडली की खडकवस्ती येईपर्यंत दिवसभर विहीर नाही, आणि खडकवस्तीनंतर डांबरी सडक लागेपर्यंत पुन्हा तेच. म्हणजे खडकवस्तीला पाणी नसेल तर माणूस मधल्यामधे अडकला. तारिक म्हणाला, काकू, हा टप्पा तुम्हाला झेपायचा नाही. झालं, तिथेच मी तो टप्पा घेतला.

९ फेब्रुवारी, खडकवस्ती

आले. चालत आले. आधी हे मोठ्या अक्षरात लिहिते.

काल पिंपळखोरीला अंगणवाडीच्या ताईकडे मुक्काम केला आणि आज उजाडता निघाले. सुरुवातीला ज्वारीची रानं, मग मुरमाड चढ, आणि चढ संपला की नुसता माळ. कुसळं, तरवड, लांबवर पवनचक्क्या. बाण नीट दिसतात. एका ठिकाणी बाणाचा दगड कुणीतरी बांधाला नेऊन लावलाय आणि बाण आकाशाकडे झालाय, ते तारिकला कळवायचं. सावली म्हणाल तर दोन बोरी आणि एक लिंब, तेवढीच. गुडघा कुरकुरला, पण त्याला मी बोलू दिलं नाही.

खडकवस्तीच्या बिराप्पांना परवाच फोन करून ठेवला होता की पाणी बघायला येतेय. न सांगता कुणाच्या दारात उभं राहणं मला आवडत नाही. बिराप्पा म्हणजे वस्तीतले जाणते, शेळ्या-मेंढ्यांचं खांड आहे त्यांचं, अंगाने काटक आणि बोलायला गोड. तर हा माणूस वेशीवर नारळ घेऊन उभा! मागे वस्तीतली माणसं. मी म्हटलं, आवं, मी आमदार न्हाई. ते नुसते हसले.

कोरडवाटेच्या पोरांनी गेल्या वर्षी लिंबाखाली एक काळी टाकी बसवून दिलीय, वाटसरूंसाठी. ती गळ्यापर्यंत भरलेली. तोटीला असा जोर की माझा पदर भिजला. शेजारी दोन रांजण, त्यांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं. पाणी थंडगार आणि गोड. टाकीभोवती चिखल होता आणि त्यात मोठ्या चाकांच्या खोल खुणा होत्या. एकूण शेतीची कामं जोरात दिसतात. दोन पोरं तोटीकडे आली तर एका म्हातारीने त्यांना हाकललं. पाणी वाया जाऊ देत नाहीत, शिस्तीची वस्ती आहे. मला आवडली.

तारिकला फोटो पाठवले आणि लिहिलं, "खडकवस्ती: पाणी भरपूर, गोड. निर्धास्त या."

११ फेब्रुवारी

हवालदारांना फोटो दाखवले. म्हणाले, एवढ्या माळावर एवढं पाणी? म्हटलं, तुम्ही जैसलमेरला होता तेव्हा तुमच्या डोळ्यांत जी वाळू गेलीय ती अजून निघाली नाही.

२२ फेब्रुवारी

आज आमच्या गल्लीच्या टोकाचे केरबा आले. उसाची शेती, कारखान्याला घालतात, माणूस बरा पण फार चौकस. मी खडकवस्तीला जाऊन आले हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. त्यांच्या राणीला तिथलं स्थळ आलंय. मुलगा म्हणजे आमच्या बिराप्पांचाच अमृत! वायरमनचं शिकलाय, शेळ्याही सांभाळतो. त्यांच्या पाहुण्यांतलंच घर आहे, पोरगा निर्व्यसनी, सगळं पटलंय, फक्त एकच अडतंय.

"बाई, खरं सांगा. पाणी हाय का तितं? आमी पोरगी हितं नळाखाली वाढवलीया. तिच्या डोक्यावर घागर द्यायची न्हाई मला."

मी मोबाइल काढून टाकी, रांजण, भिजलेला पदर सगळं दाखवलं. म्हटलं, मी माझ्या नोकरीत कधी चुकीचं तिकीट फाडलं नाही. केरबांनी तो तोटीचा फोटो बोटांनी मोठा करून करून बघितला आणि चहा न घेताच गेले, घरी सांगायला.

हवालदार म्हणाले, तू आता लग्नंही जुळवायला लागलीस. जुळवीन, माझी मर्जी.

१५ मार्च, खडकवस्ती

वाट आता तापायला लागलीय. कुसळं पायमोज्यात घुसतात, उंच बूट घालावेत असं तारिकला कळवलं. मधल्या ओढ्यात गेल्या खेपेला थोडी ओल होती, ती आटली. चढावरचे दोन बाण उन्हाने फिकट झालेत.

खडकवस्ती मात्र जशीच्या तशी. फोन केलेलाच होता. टाकी भरलेली, रांजण भरलेले. बिराप्पांनी मला टाकीपर्यंतही जाऊ दिलं नाही, घरात बसवून शालूबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, गूळ आणि तांब्या पुढे केला. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, असं जेवले की बस. शालूबाई फार बोलत नाहीत. मी हात धुवायला उठले तर त्यांनी माझ्या हाताखाली घमेलं धरलं आणि ते पाणी परसातल्या शेवग्याला नेऊन ओतलं. झाडांची आवड दिसते.

येताना वस्तीबाहेर रस्त्याकडेला बायका घागरी ओळीने मांडून गप्पा मारत बसलेल्या दिसल्या. मजेत आहेत. आम्हाला गाडीच्या टायमामुळे असं निवांत बसणं कधी मिळालं नाही.

निघताना बिराप्पा वेशीपर्यंत आले आणि म्हणाले, केरबांनी व्हय म्हणून सांगितलं, तुमच्या शब्दावर. असं म्हणून हात जोडले. एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भरले होते. मला फार बरं वाटलं.

३० मार्च

राणी-अमृतचा साखरपुडा झाला. लग्न मेमध्ये. केरबांनी मला पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि येईल त्या पाहुण्याला सांगत होते, ह्या बाई स्वतः चालत जाऊन बघून आल्यात. हवालदारांना मागे बसावं लागलं, तेही जरा बरंच झालं.

अमृत शांत मुलगा आहे, मान खाली घालून बसला होता. मी त्याच्यापुढे पाण्याचं कौतुक केलं तर त्याने मान आणखी खाली घातली. लाजाळू आहे. राणी मात्र नाही. ती आमच्या चौकातल्या औषधांच्या दुकानात कामाला असते, तिथेही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून बोलते. माझ्या पाया पडली आणि हळूच विचारलं, "काकू, तुमी जायच्या आधी त्यांना सांगून जाता का?" मी म्हटलं, मग, रीत आहे ती. ती हसली. अशा वेळी कुणी काय विचारावं! आजकालच्या पोरींचं काही कळत नाही.

१७ एप्रिल, खडकवस्ती

आज सगळं लिहिणार.

वीस तारखेला यायचं ठरलं होतं. पण वीसला पुतणीच्या मुलाचं जावळ निघालं, म्हणून आधीच निघाले. बिराप्पांना फोन केला, लागला नाही. म्हटलं, ओळखीचं घर आहे, काय होतंय.

ऊन असं की लांबचा माळ हलताना दिसत होता. नेहमीच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या. दोन पुरतात, पुढे खडकवस्ती आहेच, या हिशोबाने पहिली बाटली बोरींपाशीच संपवली. दुसरी चढावर संपली. त्यानंतर बाण सापडेना. उन्हाने पार उडून गेलाय तो. मी डावीकडे गेले, परत आले, आणि उगीच चालणं झालं. जीभ टाळ्याला चिकटली. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं तेव्हा मी खाली बसले आणि बॅगेत काही ओलं सापडतंय का म्हणून चाचपलं. तळाशी हवालदारांची पलटणीतली जुनी पाण्याची बाटली निघाली, कापडी खोळीतली, भरलेली. मला न विचारता घातली होती. एरवी बॅग जड केली म्हणून भांडले असते. आज बसल्या जागी प्याले आणि त्यांना चार शिव्या घातल्या, रडत रडत.

खडकवस्तीला पोहोचले ती सरळ टाकीकडे. तोटी फिरवली, फुस्स. बोटाने टाकी वाजवली, पोकळ. रांजण उपडे घातलेले आणि त्यांच्यावर कोंबडी बसलेली. चिखल कुठे नव्हता. आणि रस्त्याकडेला त्याच बायका, त्याच घागरी ओळीने. मला बघून त्यांतली एक उठली आणि बिराप्पांच्या घराकडे पळाली.

शालूबाईंनी घरातल्या हंड्यात तांब्या घातला. तांब्या तळाला खरवडल्याचा आवाज आला. तो तांब्या त्यांनी मला दिला आणि मी प्याले. नाही म्हणायचं भान नव्हतं. मग मला सगळं एकदम दिसलं: चाकांच्या खुणा, हाकललेली पोरं, शेवग्याला घातलेलं माझं हात धुतलेलं पाणी.

बिराप्पा आले आणि समोर खाली बसले. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "सायेब येणार म्हणलं की वस्ती झाडायची, पाणी भरून ठेवायचं, ही आजापासनंची चाल हाय. तुमी वर्दी दिली, आमी इकतचा टँकर आणला. विहीर तर संक्रांतीलाच आटली."

मी म्हटलं, मी साहेब नाही.

"लिवणारं माणूस म्हंजे सायेबच की वो. तुमी न्हाई म्हणून लिवलं की झालं. बाई, हितल्या पोरी लगीन करून जात्यात. येत कोण न्हाई. माझ्या धाकट्या भावाच्या बायकूनंतर ह्या वस्तीत सून आलेली न्हाई. पोरं चाळिशीला टेकली. इचारणारा पयलं पाणी इचारतो आन् उठून जातो. अमृतचं लगीन हुईस्तवर थांबा. मग काय लिवायचं ते लिवा."

"आन् तोवर त्या वाटंवर कुनी मेलं तर?"

शालूबाई दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

१८ एप्रिल, सडकेच्या फाट्यावर, गाडीची वाट बघत

रात्री त्यांच्याच अंगणात झोपले, त्यांचंच पाणी पिऊन. आणि पहाटे निघाले तर शालूबाईंनी माझ्या तिन्ही बाटल्या भरून ठेवलेल्या. कुठून भरल्या, विचारायचं धाडस झालं नाही.

मला राग कुणाचा येतोय तेच ठरत नाही. बिराप्पांचा येतो, पण तो टिकत नाही. माझाच जास्त येतो. एसटीत आमच्या गाडीवर तपासणीवाले कधी सांगून चढले का? बिनसांगता मधल्याच थांब्यावर चढायचे, म्हणून तर सगळे सरळ राहायचे. एवढं पाठ असलेली बाई मी, आणि पाणी तपासायला वर्दी देऊन गेले. रीत म्हणे! आणि त्या पोरीने भर साखरपुड्यात मला तेच विचारलं होतं.

लिहिलं तर लग्न मोडणार. नाही लिहिलं तर माझ्या "निर्धास्त या" वर भरवसा ठेवून कुणीतरी दोन बाटल्या घेऊन त्या माळावर चढणार. महिनाभर तर थांबायचंय, असं एक मन म्हणतंय. दुसरं मन काल त्या चढावर बसलं होतं, ते काही ऐकत नाही.

१८ एप्रिल, रात्री उशिरा, घरी

तारिकला फोन केला. म्हणाला, काकू, पुण्याची तीन पोरं वाटेवर आहेत, उद्या पिंपळखोरीला पोहोचतील. मी म्हटलं, त्यांना तिथेच थांबव आणि हे टाक: "खडकवस्तीला पाणी नाही. आधीची माझी खबर चुकीची होती. मी सांगून गेले होते, म्हणून टाकी भरलेली होती. राजेश्वरी, शेवटचा टप्पा." तो म्हणाला, नुसतं पाणी नाही एवढं टाकतो, तुमच्या चुकीचं कशाला? म्हटलं, जसं सांगितलं तसंच टाक.

हवालदारांना बाटलीचं काही बोलले नाही. त्यांनीच बॅगेतून काढली, हलवून बघितली, धुऊन खुंटीला अडकवली.

१९ एप्रिल

केरबांना कळायच्या आत राणीला सांगायला गेले. दुकानात गर्दी होती. ती ओसरेपर्यंत मी खोकल्याची बाटली हातात धरून उभी राहिले. मग सगळं सांगितलं, टाकी, टँकर, माझा मूर्खपणा. ती गोळ्यांची पाकिटं खणात लावत ऐकत होती.

म्हणाली, "मला म्हाईत हाय. अमृतनं पयल्याच भेटीत सांगितलं. आमच्यात पाच म्हयनं टँकर असतो, जमत आसंल तर बघ म्हणाला."

म्हटलं, अगं मग वडिलांना का बोलली नाहीस?

"बाबांनी मला कुठं इचारलं? त्यांनी तुमाला इचारलं."

खोकल्याची बाटली तिथेच ठेवून आले.

२१ एप्रिल

केरबा अंगणात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असं बोलून गेले. मी त्यांच्या पोरीला खड्ड्यात ढकलत होते म्हणे. लग्न मोडलं. दुपारी खडकवस्तीतून कुणाचा तरी फोन आला, नाव सांगितलं नाही, पुन्हा वस्तीत पाय ठेवू नका म्हणाला. सकाळी एका गावाची वैरीण झाले आणि दुपारी दुसऱ्याची. हवालदार म्हणाले, आता तरी बस घरी. मी म्हटलं, मेमधला फेरा बाकी आहे.

पुण्याची पोरं पिंपळखोरीहून गाडीने परत गेली. त्यांतल्या एकाला आधीच उलट्या होत होत्या. त्याच्या आईने मला फोन केला होता. काय बोलली ते लिहीत नाही, पण आज तेवढाच एक आवाज माझ्या बाजूने होता.

२५ एप्रिल

तारिक म्हणतो, भांडण नको, खडकवस्ती वाटेतून काढून टाकू, वाट सडकेने वळवू. मी साफ नाही म्हटलं. पाणी नाही म्हणून पोरी देत नाहीत, पाणी नाही म्हणून वाट वळवायची, मग त्या माणसांनी करायचं काय? वस्ती आहे तिथेच राहील आणि पाणी नाही असं लिहून राहील. ज्याला जायचं तो जास्त पाणी पाठीवर घेऊन जाईल. ऐकलं त्याने. मी आवाज चढवला की ऐकतात अजून.

४ मे

आज दुपारी राणी आली. म्हणाली, काकू, तुम्ही परत जाणार आहात ना, मला न्या. म्हटलं, तुझा बाप मला जिवंत ठेवायचा नाही. तर म्हणाली, सांगून निघणार आहे. आणि खरंच, माझ्यादेखत केरबांना फोन लावला. "बाबा, तुमी वस्ती फोटूत बघितली. मी चालत जाऊन बघती. मग सांगती तुमाला." पलीकडून बरंच काही आलं. तिने ते सगळं ऐकून घेतलं आणि मग फोन ठेवला.

या वेळी वर्दी द्यायची नाही. पाणी दोघींचं पाठीवर. हवालदारांनी राणीची बॅग उचलून बघितली आणि त्यातला आरसा, पावडर, एक जास्तीचा ड्रेस काढून ठेवायला लावला. त्या जागी आणखी दोन बाटल्या घातल्या. तिने त्यांना काही उलट विचारलं नाही.

६ मे, खडकवस्ती

पहाटेच पिंपळखोरी सोडली. राणी सुरुवातीला भराभर चालली आणि भराभर प्याली. मी ओरडले. मग एकेक घोट, तोही मी सांगेन तेव्हा. बोरींखाली बसलो तेव्हा तिच्या टाचेला फोड आला होता. तिने बूट काढला, फोड बघितला, बूट घातला. मी म्हटलं, परत फिरायचं तर इथूनच. तिने मानेनेच नाही म्हटलं. चढावर मला दम लागला तेव्हा माझी बॅग तिने घेतली, मी नको नको म्हणत असताना. वाटेत ती एवढंच बोलली, "काकू, एवढं पाणी पाठीवर असून मला तहान लागतीया. त्या बायका कशा करत असतील?" मी तिला आणखी एक घोट घ्यायला लावला.

पोहोचलो तेव्हा नुकताच टँकर आला होता. नुसता कल्लोळ. अमृत टँकरवर चढून पाइप धरून उभा. त्याने राणीला बघितलं आणि पाइप भलतीकडेच वळला, अर्धी धार मातीत. बायकांनी त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहिता येत नाही.

बिराप्पांचा चेहरा उतरला. घरातून तांब्या आणायला वळले तर राणीने थांबवलं. ती आधी लिंबाखालच्या टाकीपाशी गेली, बोटाने वाजवली. पोकळ आवाज सगळ्यांनी ऐकला. मला वाटलं आता ही रडेल किंवा भांडेल. ती बिराप्पांना म्हणाली, "मामा, पानी न्हाई ते मला चालंल. पर ही टाकी लोकास्नी फसवती ते न्हाई चालायचं. हिच्यावर लिवा."

बिराप्पांनी घरातून चुन्याचं डबडं आणि कुंचा आणला. हात जड चालत होता, पण लिहिलं: जानेवारी ते जून टाकी रिकामी. तहान लागली तर घरात या. दुसरी ओळ त्यांची स्वतःची, ती कुणी सांगितली नव्हती.

तोवर राणीने शालूबाईंच्या दोन घागरींतली एक उचलून ओळीत जागा धरली होती. पाहुणीला पुढे घ्या, असं कुणी म्हणालं तर ती सरकली नाही. तिच्या पुढची म्हातारी, तीच पोरांना हाकलणारी, टाकीवरची पांढरी अक्षरं कुणाकडून तरी वाचून घेऊन कुरकुरली, "आता आसं लिवून ठेवल्यावर हितं पोरगी कोन देनार?"

राणी म्हणाली, "देनाऱ्याचं ऱ्हाऊ द्या, आज्जी. मी आलीया. मला इचारा."

सगळी ओळ मागे वळून बघायला लागली. अमृत पाइप धरून नुसता उभा. शालूबाई, ज्या मी आल्यापासून चार वाक्यांवर बोललेल्या नाहीत, त्या ओळीतून बाहेर आल्या, राणीच्या समोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, "येशील का, बाळ?"

राणीचा नंबर आला होता. तिने घागर पाइपाखाली धरली. गळ्यापर्यंत भरू दिली. मग उचलून डोक्यावर घेतली, जरा हिंदकळली, पाणी तिच्या कपाळावरून खाली आलं, आणि म्हणाली, "व्हय. येती."